दुसरा कप

९ फेब्रुवारी

सूनबाई,

पोचले. खोली बरी आहे. खिडकी रस्त्याच्या बाजूला आणि खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान. सकाळी त्याचं यंत्र सुरू झालं की माझे दात शिवशिवतात, पण दुपारी तो जेवायला दुकान बंद करतो तेव्हा इतकं सामसूम होतं की यंत्रच बरं होतं असं वाटतं. माणूस चांगला आहे. पहिल्याच दिवशी विचारलं, ‘‘मावशी, एकट्याच?’’ मी म्हटलं, ‘‘सध्या.’’ हा ‘सध्या’ फार सोयीचा शब्द आहे.

सामान आणून देताना तुझ्या नवऱ्यानं विचारलं, त्याला जे सांगितलं तेच तुला सांगते. मी रागावून आलेले नाही. तुमच्याकडचे जिने मला झेपेनासे झालेत. इथेही जिना आहे म्हणा, पण त्याला दोन्हीकडून कठडा आहे. शिवाय वाचनालय जवळ आहे. शिवाय उतारवयात माणसाला आपली अशी एक खोली असावी, हे मला कधीचं वाटत होतं. खरं कारण एकच असलं की त्याला सोबतीला दोन शिवाय लागत नाहीत, हे तू नटी आहेस म्हणून तुझ्या लगेच लक्षात येईल. आलं तरी आत्ता काही म्हणू नकोस.

तुझे फोन मी उचलत नाही याचा राग धरू नकोस. सगळी नोकरी मी त्या हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला यंत्र लावलं की माझा आवाज आपोआप गोड होतो, पोटात काय चाललंय त्याचा पत्ता लागू देत नाही. तुझ्याशी मला तसं बोलायचं नाही. म्हणून पत्र. तूही लिही. नाटकातल्यासारखं नको, साधं लिही.

वर्तमानपत्राचं कात्रण मिळालं. तू दिलंस म्हणून त्यानं माझ्या पिशवीत घातलं होतं. ‘वर्णद्वेषाचं इतकं भेदक चित्रण रंगभूमीवर क्वचितच दिसतं.’ तुझ्या कामाचं कौतुक तर भरभरून केलंय. वाचून आनंद झाला, खरंच झाला. खाली त्या नाटकातल्या सासूबद्दलही एक ओळ आहे, ‘बिचारी, भाबडी, शेवटपर्यंत हसतमुख.’ ती मी वाचली, चष्मा पुसला, आणि परत वाचली.

खारुताईचा खोकला कसा आहे? तिचे केस कोरडे विंचरू नकोस, ओढले की तुटतात. आधी ओले कर, मग बोटांनी सोडव, मग कंगवा. इतकी वर्षं झाली तरी तुला आमचे केस समजत नाहीत. तिनं विचारलं तर सांग, आजी पुस्तकं वाचायला गेली आहे.

आई

२१ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझं पत्र आलं. भरपूर लिहिलंस. तालमी, दौरे, हाउसफुल्लचे बोर्ड, आणि सगळ्यात शेवटी, जागा संपत आल्यावर, बारीक अक्षरात, ‘आई, तुम्ही त्या प्रसंगामुळे गेलात का?’

त्या प्रसंगाबद्दल आपण दोघी अजून एकदाही बोललो नाही. तेव्हा मी काय पाहिलं ते आधी सांगते.

शुभारंभाच्या प्रयोगाला मी एकटीच आले होते. खारूला ताप होता म्हणून तुझा नवरा घरी थांबला. मला एवढंच माहीत होतं की नाटक एका गोऱ्या मुलीचं आहे, ती काळ्या मुलाशी लग्न ठरवते, आणि तू तिच्या आईचं काम करतेस. म्हटलं असेल कुणाची तरी गोष्ट, आपल्यासारखी घरं काय कमी आहेत? पडदा वर गेला आणि तू तुझ्या आईच्या आवाजात बोलायला लागलीस. तीच मान किंचित वाकडी करायची लकब, तेच ‘अगं बाई, असं का?’ मला आधी हसूच आलं.

मग मुलाची आई चहाला येते. फुलाफुलांचे कपडे घातलेली, सारखी हसणारी, सारखी आभार मानणारी. चहा पिऊन निघते. ती पाठमोरी होऊन दाराकडे जाते, आणि तू फडकं घेऊन तिची खुर्ची पुसतेस. आधी हात, मग पाठ, मग बैठक. तू घाई केली नाहीस. कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मग सगळं थिएटर चिडीचूप झालं, आणि मग टाळ्या. माझ्या शेजारी एक गोऱ्या बाई होत्या, डोळे टिपत माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘किती भयंकर ना!’’

मी म्हटलं, ‘‘हो ना.’’

मध्यंतरात मी घरी आले. तुला सांगितलं, डोकं दुखत होतं.

तू लिहितेस, ‘मी ते तुमच्यासाठीच केलं. त्या दिवशी आमच्या घरी आईनं जे केलं ते मी ट्रे घेऊन उभी राहून पाहिलं होतं. तुम्हाला ते कधी कळलंसुद्धा नाही. ते जगाला दाखवायचंच असं मी ठरवलं होतं.’ जगाला दाखवलंस, पोरी. मला तेवढं विचारायचं राहिलं.

पण त्यासाठी मी घर सोडलं नाही. तेवढ्यावरून घर सोडायचं म्हटलं असतं तर माझं बिऱ्हाड कायम पाठीवरच राहिलं असतं.

आता खरं कारण. माझ्या निघण्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. तू झोपली होतीस, प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी तुला उशीर होतोच. मी आणि खारू सकाळचं खात होतो. मी कप विसळायला उठले आणि मागे वळून पाहिलं तर खारू माझी खुर्ची पुसत होती. ओट्यावरचं फडकं घेऊन. हात, पाठ, बैठक. तू आरशासमोर तालीम करायचीस ती तिनं पाहिली असणार, कारण मानसुद्धा तिनं तशीच वाकडी केली होती. पुसून झालं, फडक्याची घडी घातली, आणि माझ्याकडे बघून हसली. टाळ्यांची वाट बघत होती.

मी टाळ्या वाजवल्या.

दुसरं काय करणार होते? सहा वर्षांची पोर. रंगानं माझ्यावर गेलेली. कुणाची खुर्ची पुसतेय हे तिला कुठे माहीत? तुला सांगितलं असतं तर तू तिला रागावली असतीस, आणि रागावलीस की ते तिला कळलं असतं. कळेलच कधीतरी. शाळेत, दुकानात, बसमध्ये, कुणीतरी कळवेल. पण आपल्या स्वयंपाकघरात तिला ते कळावं असं मला वाटेना. त्याच दुपारी मी खोली शोधायला लागले.

एकच मागते. तो प्रसंग काढून टाक.

आई

३ मार्च

सूनबाई,

तुझी चार ओळींची चिठ्ठी मिळाली. दिग्दर्शक ऐकत नाही, म्हणतो नाटक त्याच प्रसंगावर उभं आहे. बरं. ज्याचं नाटक त्याला माहीत.

खारूला तू काहीच विचारलं नाहीस, नुसती जवळ घेऊन बसलीस, असं लिहिलंस. ते चांगलं केलंस.

काल तुझा नवरा येऊन गेला. दिव्याचा बल्ब बदलून दिला, जो चालू होता. मग खिडकीशी उभं राहून रस्ता बघत राहिला. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना ‘आता दिसतंय का? आता?’ असं विचारणारा माणूस, स्वतःच्या घरात काय चाललंय ते बोलायची वेळ आली की मुका होतो. मग म्हणाला, ‘‘मी बाहेरच्या खोलीत झोपतो सध्या.’’ बघ, त्यालाही तो शब्द सापडला.

मी विचारलं, ‘‘भांडलात?’’

‘‘भांडायला बोलावं लागतं.’’

‘‘नाटक बघितलंस का तू?’’

‘‘नाही. बघणारही नाही. तिनं तुझा तमाशा केला, तो मी तिकीट काढून बघू?’’

मी बाजूला झाले की तुमचं दोघांचं नीट होईल, असं मला वाटलं होतं. इथे बसून बघते तर मी गेल्यामुळे तुमच्यातलं बोलणंच गेलंय. आधी निदान माझ्या मार्फत तरी बोलत होतात, ‘आईला सांग मीठ जास्त झालंय.’

यंत्र बंद झालं खाली. आता संध्याकाळपर्यंत शुकशुकाट. दुपारी एक्स्चेंजची आठवण येते. कंटाळा यायचा, मान अवघडायची, पण कानात सतत कुणीतरी असायचं.

आई

११ मार्च

पोरी,

आज पाणी पिऊन बस आणि मग वाच. माझ्याकडे पाहुण्या आल्या होत्या. तुझी आई.

किल्लीवाला खालून ओरडला, ‘‘मावशी, तुमच्याकडे कुणी बाई आल्यात,’’ आणि ज्या आवाजात ओरडला त्यावरूनच मला कळलं की बाई गोऱ्या आहेत आणि कपडे भारी आहेत. दार उघडलं तर विहीणबाई. तुमच्या लग्नानंतर त्यांनी आपल्या घराची पायरी कधी चढली नाही, नातीचं तोंड बघितलं नाही, आणि माझ्या त्या अरुंद जिन्यानं धापा टाकत वर आल्या. फार वाळल्या आहेत गं. कोटाचं एक बटण चुकीच्या काजात घातलं होतं. त्यांच्याकडे असं कधी होत नसे.

‘‘बसा,’’ मी म्हटलं.

खोलीत खुर्ची एकच आहे. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. मीही पाहिलं. दोघी उभ्याच. शेवटी मी पलंगावर बसले, तेव्हा त्या टेकल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून.

म्हणाल्या, ‘‘मी नाटक बघितलं. शेजारच्या सांगत आल्या, तुमच्या मुलीचं नाटक बघा, त्यातली आई हुबेहूब तुमच्यासारखी आहे. सगळ्या इमारतीनं बघितलं म्हणे. जिन्यात भेटले की माझ्याकडे बघून हसतात.’’

मी उठून त्यांना पाणी दिलं.

‘‘तुम्ही सांगा तिला. माझा फोन ती घेत नाही, तुमचं ऐकेल. तो खुर्चीचा प्रसंग काढायला लावा. तुमचीही बेअब्रूच आहे त्यात. आणि असं काही झालंच नव्हतं.’’

हे ऐकेपर्यंत, तुला खरं सांगते, मी त्यांच्याच बाजूची होते. मलाही तो प्रसंग नकोच होता. ‘हो, सांगते’ असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते शेवटचं वाक्य आलं आणि माझ्या आत काहीतरी ताठ झालं.

‘‘झालंच नव्हतं?’’

‘‘खुर्चीवर धूळ होती. पाहुणे गेले की मी नेहमीच पुसते. मुलीनं त्याचा काहीतरी अर्थ काढला.’’

‘‘पण मी गेले कुठे होते? मी तर दारातच होते.’’

त्या अगदी हळू म्हणाल्या, ‘‘तुम्हाला दिसलं होतं?’’

‘‘तुमच्या काचेच्या कपाटात सगळी खोली दिसते. फार लखलखीत ठेवता तुम्ही कपाट.’’

हे तुला माहीत नव्हतं. तुझ्या नवऱ्यालाही नाही. तू ट्रे घेऊन उभी होतीस, तुला माझी पाठ दिसत होती. मला कपाटाच्या काचेत तुझी आई दिसत होती आणि तुझा चेहराही. तुझा चेहरा पाहिला म्हणूनच मी तुला सून करून घेतलं, हेही आजच सांगते.

विहीणबाई पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत राहिल्या. मला वाटलं उठून जातील. त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही परत वर आला होतात. छत्री राहिली म्हणून.’’

‘‘हो.’’

‘‘छत्री तुमच्या हातातच होती.’’

बघ म्हणजे. इतकी वर्षं मला वाटत होतं की हे मी एकटीच जाणते. त्यांनाही ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे ठाऊक होतं, आणि तरी ‘झालंच नव्हतं’ म्हणून सांगायला त्या एवढा जिना चढून आल्या.

आता तू जे पाहिलंस पण ज्याचा अर्थ लावला नाहीस ते सांगते. तुझा नवरा खाली फाटकाशी थांबला होता. मी अर्धा जिना उतरले आणि माझे पाय थांबले. रडू येत नव्हतं. फक्त असं वाटलं, आत्ता गेले तर ती खुर्ची कायम पुसलेलीच राहील. मी परत वर गेले. ‘छत्री राहिली’ म्हटलं. आणि त्याच खुर्चीवर बसले, पाठ टेकून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून. म्हटलं, ‘‘चहा इतका छान होता, आणखी एक कप घेईन म्हणते.’’ तुला वाटलं, मी किती साधी, किती मोकळी. तू धावत आत गेलीस चहा आणायला. साखर घालायला तुझ्या आईला उठावं लागलं, कारण साखरेचं भांडं त्यांच्या बाजूला होतं. मी म्हटलं, ‘‘आणखी घाला. आणखी.’’

विहीणबाईंनाही तेच आठवलं. म्हणाल्या, ‘‘केवढी साखर घालायला लावलीत तुम्ही.’’

‘‘मी साखर घेत नाही.’’

‘‘मग?’’

‘‘तुमच्या हातून घालून घ्यायची होती.’’

खाली यंत्र सुरू होतं, त्याचा आवाज येत राहिला. त्या म्हणाल्या, ‘‘लोक माझ्यावर हसले हो.’’

मी म्हटलं, ‘‘माझ्यावर रडले. माझ्या शेजारी बसून. ते सोसून बघा एकदा.’’

माफी त्यांनी मागितली नाही. मागतील असं मला वाटलंही नव्हतं. जाताना दारात थांबल्या, पाठ माझ्याकडे, आणि विचारलं, ‘‘नातीचे केस कुणाचे आहेत?’’

‘‘आमचे.’’

मान हलवली आणि गेल्या. त्या मान हलवण्यात काय होतं ते मला सांगता येत नाही. तू त्यांची मुलगी आहेस, नटी आहेस, तुला कदाचित येईल.

त्यांचा निरोप मी तुला पोचवला, पण माझा निरोप वेगळा आहे. तो प्रसंग काढ असं मी लिहिलं होतं, ते मागे घेते. राहू दे. फक्त तो पुरा कर. तुझ्या नाटकातल्या बाईला काही कळतच नाही गं. ती फुलाफुलांचे कपडे घालून येते, हसते, अपमान करून घेते, आणि हसतच निघून जाते, आणि लोक तिच्यासाठी रडून मोकळे होतात. मला कळलं होतं. मला दर वेळी कळतं.

आई

२६ मार्च

पोरी,

इतकं रडून पत्र लिहू नये, शाई फुटते. अर्ध्या ओळी वाचताच आल्या नाहीत. ज्या आल्या त्यांवरून समजलं की दिग्दर्शक आधी नाही म्हणाला, मग माझं पत्र तू त्याला वाचून दाखवलंस, मग तो उठून बाहेर फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, ‘उद्यापासून तालीम.’ मला न विचारता पत्र वाचून दाखवलंस! तुझी खोड काही जात नाही. पण या खेपेला चालेल.

नाटकात माझं काम करणारी ती मुलगी फार गुणी आहे, पण तिला म्हणावं, दुसऱ्यांदा येऊन बसताना चेहरा करारी करू नकोस. मी करारी नव्हते. माझे गुडघे कापत होते आणि म्हणूनच मी पाठ टेकली. आवाज मात्र गोड हवा. टेलिफोनवरचा. आणि कपडे बदला तिचे, एवढं माझ्यासाठी करा. साधा गडद निळा रंग. मी त्या दिवशी तोच घातला होता, इस्त्री करून.

तू त्या माणसाबद्दल लिहिलंस ते वाचून मला झोप आली नाही. प्रयोग संपल्यावर मागच्या दाराशी थांबला होता, तुझा हात हातात घेतला, आणि म्हणाला, ‘बाई, आमच्या मनातलं बोललात. हल्ली उघड बोलायची सोय राहिली नाही.’ तू हात सोडवून घेऊ शकली नाहीस. घरी येऊन साबणानं धूत राहिलीस, आणि बाहेरच्या खोलीत नवरा झोपला होता, त्याला उठवून सांगावं असं वाटलं पण सांगितलं नाहीस. विचारतेस, ‘मी जे करते त्यातून असल्या लोकांनाच बळ मिळत असेल तर?’

याचं उत्तर मला ठाऊक नाही. मी नाटकातली नव्हे. एक गोष्ट सांगते. एका माणसाचा बाप आमच्या हॉस्पिटलात फार दिवस पडून होता. मुलगा परगावी. रोज संध्याकाळी फोन करायचा, आणि वॉर्डातली लाइन लागेपर्यंत माझ्याशी बोलायचा. ‘तुमचा आवाज ऐकला की धीर येतो,’ म्हणायचा. बाप बरा झाला, तो न्यायला आला, आणि एक्स्चेंजमध्ये फुलं घेऊन आला. मी उठून उभी राहिले. त्यानं माझ्या खांद्यावरून बघितलं आणि पलीकडच्या खुर्चीतल्या मुलीला फुलं दिली. गोरी होती, नुकतीच लागली होती. तिनं ‘थँक यू’ म्हटलं. तेवढ्यात माझ्या बोर्डावर दिवा लागला आणि मी लाइन जोडून दिली.

रागावून सांगत नाही. एवढंच की लोक आपल्या मनातलं माणूस बघतात, समोरचं नाही. ती फुलं माझीच होती. आणि त्या माणसानं जो हात धरला तो तुझा नव्हता. पण हे असं लिहिणं सोपं आहे. हात कसा धुतलास ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. नवऱ्याला उठवायला हवं होतंस.

इकडे सगळं तेच. वाचनालयातल्या बाई आता मला ओळखतात. काल दिवसभरात मी एकूण दोनदा बोलले, एकदा त्यांच्याशी आणि एकदा किल्लीवाल्याशी, पाऊस येईल का याविषयी. दोघांनीही येणार नाही म्हणून सांगितलं.

नव्या प्रसंगाचा पहिला प्रयोग एप्रिलच्या पहिल्या रविवारी दुपारी आहे ना? मी येईन. तुझ्या नवऱ्याला मी आणेन. कसा ते माझं मी बघते.

आई

७ एप्रिल

पोरी,

तो आत तोंड धुतोय, तोवर लिहिते. हे पत्र त्याच्याच हाती देणार आहे, पाकीट बंद करून. म्हणून अक्षराकडे बघू नकोस.

प्रयोग झाल्यावर तुला भेटायला आत आलो नाही, ते मुद्दाम. तिथे गर्दी होती आणि याची अवस्था गर्दीत न्यायची नव्हती. नाटकाला चाललोय असं मी त्याला सांगितलं नव्हतं. माझा डोळा दुखतोय, तुझ्या दुकानाजवळच्या डॉक्टरांकडे ने, असं सांगून बोलावलं आणि थिएटरसमोर बस आली तेव्हा उतरले. चिडला. पण म्हाताऱ्या आईला फुटपाथवर सोडून कसा जाणार?

तू फडकं हातात घेतलंस तेव्हा त्यानं डोळे मिटले. मी कोपरानं ढोसलं, ‘‘बघ.’’ आणि मग ती मुलगी परत आली. निळ्या कपड्यांत. बसली. चहा मागितला. जरा जास्तच वेळ घेतला तिनं, पण गुडघे मात्र बरोबर कापले. मागे, वरच्या स्वस्तातल्या रांगांत आपली माणसं बसली होती, तिथून हशा उठला, मोठा, पोटातून आलेला. खालच्या रांगांना हसावं की नाही समजेना. आणि तू साखर घालत होतीस. चमचा तुझ्या हातात थरथरत होता आणि तू तो थांबवायला बघत होतीस. तेवढ्या वेळात मला, पहिल्यांदाच, तुझ्या आईची कीव आली. ते तू कसं केलंस मला माहीत नाही.

नाटक संपल्यावर आम्ही चालत निघालो. माझ्या दाराशी आल्यावर, किल्लीवाल्याच्या बंद फळ्यांसमोर उभा राहून तो म्हणाला, ‘‘आई, त्या दिवशी त्यांच्या घरून परत येताना बसमध्ये मी तुला विचारलं होतं, कशी वाटली माणसं.’’

‘‘असेल.’’

‘‘तू म्हणालीस, माणसं मनानं चांगली आहेत, वेळ लागेल, पण तुला जीव लावतील.’’

मी म्हणाले होते. तो इतका खुशीत होता गं त्या बसमध्ये. खिडकीत कोपर ठेवून गुणगुणत होता. मी काय सांगणार होते?

म्हणाला, ‘‘मी दर वर्षी तिच्या आईच्या वाढदिवसाला फोन करतो. तिला माहीत नाही. त्या उचलतात, माझा आवाज ऐकतात आणि ठेवून देतात. दर वर्षी. मला वाटायचं, आईनं बघितलंय त्यांना, आई म्हणाली चांगल्या आहेत, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. माझ्याच बोलण्यात, वागण्यात काहीतरी आहे. मी बोलायच्या आधी आरशासमोर वाक्यं पाठ करायचो, आई.’’

आणि रस्त्यात उभा राहून रडला. एवढा उंच माणूस. माझा हात त्याच्या खांद्यापर्यंत पोचेना, म्हणून मी त्याच्या कोटाची बाही धरून उभी राहिले.

त्याला वाचवायला म्हणून मी ते सगळं गिळलं होतं. तो सगळी वर्षं स्वतःला दोष देत फोन फिरवत होता. फोन, पोरी. माझाच मुलगा.

आता तुझ्यासाठी. तो घरी येईल तेव्हा ‘जाऊ दे, झालं ते झालं’ असं म्हणू नकोस. ते माझं पुष्कळ म्हणून झालंय. त्या मागच्या दारातल्या माणसाबद्दल त्याला सांग. हात धुतलास तेही सांग. त्याला फोनबद्दल विचार. भांडण झालं तर होऊ दे, खारू उठली तर उठू दे, भिंतीपलीकडून दोन्ही आवाज ऐकू आले तरी तिला बरंच वाटेल.

मी इतक्यात परत येत नाही. रुसून नाही. मला अजून बघायचंय की मी कुणापासून काहीही न लपवता किती दिवस राहू शकते. तुमच्या घरी आले की पहिल्याच दिवशी जीभ गोड होईल. शनिवारी खारूला घेऊन ये. खाली सोडून जाऊ नकोस, वर ये. खुर्ची एकच आहे, आपण तिघी पलंगावर बसू.

आत नळ बंद झाला. थांबते.

आई